चरे पडले तरी महागडे घड्याळ रोज वापरावे का?

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. बढती मिळाल्यानंतर बऱ्याच वर्षांची इच्छा पूर्ण करावी म्हणून सुमारे साडेचार लाख रुपयांचे स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घेतले. केस, म्हणजे यंत्राभोवतीचे बाहेरचे कवच, स्टीलची आहे आणि पट्टाही स्टीलच्या साखळीचाच आहे. महिन्याभरातच पट्ट्याच्या क्लॅस्पवर, म्हणजे पट्टा बंद करण्याच्या खटक्यावर, बारीक चरे दिसू लागले आणि तेव्हापासून घड्याळ कपाटात पडून आहे. फक्त लग्नकार्यापुरते बाहेर निघते. घरचे विचारतात, मग घेतले कशाला? त्यावर पारदर्शक फिल्म चिकटवावी, की दरवर्षी पॉलिश करून घ्यावे? काळजी न करता ते रोज वापरता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. आपले घड्याळ रोज वापरता येईल आणि वापरावेच. मात्र त्यावर एकही चरा उमटू नये, ही अपेक्षा सोडून द्यावी लागेल, कारण स्टील ती पूर्ण करू शकत नाही. खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोह्स श्रेणीत हिरा १० वर आहे, तर घड्याळासाठी वापरले जाणारे स्टील साधारण ५ ते ६ च्या दरम्यान येते. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. त्यामुळे धूळ बसलेले घड्याळ आपण प्रेमाने कोरड्या रुमालाने पुसले, तरी त्या पुसण्यातूनच चरे पडतात. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यातही क्वार्ट्झ असते, म्हणून ओट्यावर मनगट टेकवून भाजी चिरणाऱ्याचे घड्याळ कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा लवकर चरते.

आपल्या बाबतीत दोषी बहुधा लॅपटॉप असावा. अनेक लॅपटॉपचे बाह्यांग ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम मुळात मऊ धातू असला, तरी ॲनोडाइझ करताना त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तो पुष्कळदा स्टीलपेक्षाही कठीण असतो. टंकलेखन करताना मनगटाचे वजन नेमके क्लॅस्पवर येते आणि हात सरकला की क्लॅस्प त्या थरावर घासली जाते. कार्यालयात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या स्टीलच्या घड्याळावर पहिला चरा इथेच सापडतो. कामाला बसताना घड्याळ काढून ठेवावे किंवा मनगटाखाली कापडी आधार घ्यावा. आठवड्याचे पाच दिवस रबरी पट्टा लावून साखळी सणासुदीला वापरणे, हा तर सर्वांत सोपा मार्ग आहे. काहीच करायचे नसेल, तरी क्लॅस्प हा बदलता येणारा भाग आहे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला असल्यामुळे कोणाला दिसतही नाही, हे लक्षात घ्यावे.

काचेची काळजी तर आपण बरीचशी सोडून देऊ शकता. या किमतीच्या घड्याळांना सहसा कृत्रिम नीलमाची, म्हणजे सफायर क्रिस्टलची, काच असते आणि ती मोह्स श्रेणीत ९ वर येते. ओगुस्त व्हेर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीमुळे असे कृत्रिम स्फटिक कारखान्यात बनवणे शक्य झाले. रोजच्या वापरात या काचेला चरा पाडू शकेल, असा हिऱ्याखेरीज फारसा कोणताच पदार्थ आपल्या वाट्याला येत नाही. तेव्हा दुसऱ्या हातात हिऱ्याची अंगठी असेल, तर तेवढे जपावे. काही घड्याळांच्या काचेवर बाहेरच्या बाजूनेही परावर्तनरोधक लेप असतो. तो लेप चरतो आणि काचच चरली असे वाटून लोक घाबरतात. काच जपण्याचा हा खटाटोप जुनाच आहे. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत, या तक्रारीतून १९३१ मध्ये ज्येगर-लकुल्त्रचे ‘रिव्हर्सो’ हे घड्याळ जन्माला आले. त्याची केस उलटी फिरवली की काच आत जाते आणि धातूची पाठ बाहेर येते.

आता पॉलिशविषयी. माझे मत स्पष्ट आहे : दरवर्षी पॉलिश करून घेणे, हे चऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त नुकसान करणारे आहे. चरा म्हणजे धातूत पडलेली अत्यंत उथळ रेघ असते. पॉलिश करणारा ती भरून काढत नाही, तर आजूबाजूचा धातू रेघेच्या तळापर्यंत घासून काढतो. दोन-चार वेळा असे झाले की केसच्या धारदार कडा गोल होतात, पट्टा जिथे जोडला जातो ते लग बारीक होतात आणि जाणकाराला ते लांबूनही कळते. १९७२ मध्ये आलेल्या ओडेमार पिगेच्या ‘रॉयल ओक’सारख्या घड्याळात ब्रश फिरवलेला सपाट भाग आणि चकचकीत तिरपी कड अगदी शेजारी-शेजारी असते. तिथे चुकीच्या हातात पॉलिशचे चाक गेले, तर मूळ रेषा पुन्हा आणणे फार अवघड होते. म्हणूनच जुन्या घड्याळांच्या बाजारात कधीही पॉलिश न झालेल्या, चरे असलेल्या घड्याळाला संग्राहक अधिक पसंती देतात. न्यूयॉर्कच्या लिलावात २०१७ मध्ये सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेलेले अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना हे स्टीलचेच होते आणि त्यांनी ते अनेक वर्षे हातात वापरलेले होते. अर्थात त्या किमतीत मालकाच्या नावाचा वाटा फार मोठा होता. आपल्या-माझ्या चऱ्यांना तसा भाव येणार नाही. पण वापरले म्हणून घड्याळ कवडीमोल होते, ही समजूत मात्र त्यावरून नक्कीच खोटी ठरते.

काही सेवा केंद्रांमध्ये सर्व्हिसिंगसाठी घड्याळ दिले की पॉलिशही आपोआप केले जाते. म्हणून घड्याळ देतानाच पावतीवर ‘केस व पट्टा पॉलिश करू नये’ असे लिहून घ्यावे. फिल्मचा मोहही टाळावा, असे मी सुचवेन. आपल्या हवेत तिच्या कडेखाली घाम आणि धूळ साचते, कडा काळ्या पडतात आणि लाखोंची वस्तू प्लॅस्टिकच्या वेष्टनासह वापरलेल्या नव्या सोफ्यासारखी दिसू लागते.

काळजी करायचीच असेल, तर ती साखळीच्या आतल्या बाजूची करावी. घाम आणि धूळ यांचा लगदा कड्यांच्या सांध्यांत शिरतो आणि मनगट हलेल तसा पॉलिश पेपरप्रमाणे पिना झिजवत राहतो. काही वर्षांनी साखळी आडवी धरली की ती खाली लोंबते. ते याच झिजेमुळे. उपाय मात्र पाच मिनिटांचा आहे. प्रथम चावी पूर्ण आत दाबलेली, आणि स्क्रूची असेल तर घट्ट फिरवलेली आहे, याची खात्री करावी. घड्याळ पाण्यासाठी योग्य असेल, तर वाहत्या कोमट पाण्याखाली धरून धुळीचे कण आधी निघून जाऊ द्यावेत. मग सौम्य साबणाचा एक थेंब आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश घेऊन क्लॅस्पच्या घड्या उघडून आतून घासावे. निघणारे काळपट पाणी पाहिले की, हे रोज मनगटाला लागत होते, याचे आश्चर्य वाटते. शेवटी सुती कापडाने न घासता टिपून घ्यावे. तबकडीवर ३० मीटर लिहिलेले असले, तर ते केवळ शिंतोड्यांपुरते संरक्षण समजावे आणि असे घड्याळ नळाखाली धरण्याऐवजी ओलसर कापडाने स्वच्छ करावे. चावीजवळचे आणि मागच्या झाकणाचे रबरी गॅस्केट कालांतराने कडक होते, म्हणून पावसाळ्यापूर्वी पाणीरोधकतेची चाचणी करून घ्यावी. एक चरा आयुष्यभर तसाच राहिला तरी घड्याळ चालते. आत शिरलेले थेंबभर पाणी मात्र काटे आणि यंत्र दोन्ही गंजवते.

प्रश्न : माझ्या घड्याळात स्टील आणि १८ कॅरेट सोने असे दोन्ही आहे. मी ते डाव्या हातात, पाटल्या आणि बांगड्यांसोबत घालते. सोन्याने घड्याळावर चरे पडतील का? – बँक अधिकारी, कोल्हापूर

उत्तर : घड्याळापेक्षा पाटल्यांची काळजी करावी. दागिन्यांचे २२ कॅरेट सोने १८ कॅरेटपेक्षा मऊ असते आणि स्टीलपेक्षा तर पुष्कळच मऊ असते, त्यामुळे या घासाघाशीत झिजते ते पाटलीचेच सोने. अपवाद हिरे जडवलेल्या बांगडीचा. ती घड्याळाची काचसुद्धा चरवू शकते. घड्याळावरचा सोन्याचा भाग स्टीलच्या भागापेक्षा लवकर चरेल, हेही गृहीत धरावे. पाटल्या उजव्या हातात घालणे शक्य असेल तर उत्तमच. आपले घड्याळ भरीव सोन्याचे आहे की सोन्याचा मुलामा दिलेले, हेही एकदा कागदपत्रांत पाहून घ्यावे, कारण मुलामा असेल तर पॉलिशच्या चाकाने तो कायमचा निघून जाऊ शकतो.

प्रश्न : वडिलांचे एचएमटी जनता घड्याळ माझ्याकडे आले आहे. किमतीने ते महागडे नाही, पण माझ्यासाठी तेच सर्वांत मौल्यवान आहे. काच इतकी चरली आहे की काटे नीट दिसत नाहीत. – एक वाचक, नाशिक

उत्तर : बंगळुरूमध्ये १९६१ साली सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि ‘जनता’ने पुढे किती मनगटे व्यापली, हे आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको. या घड्याळाची काच सहसा ॲक्रिलिकची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची असते. ती लवकर चरते, पण तितक्याच सहजपणे पुन्हा स्वच्छही करता येते : ॲक्रिलिकसाठी मिळणारी पॉलिश पेस्ट मऊ कापडावर घेऊन काही मिनिटे गोलाकार चोळावी. खोल चरे जाणार नाहीत. तेव्हा घड्याळजीकडून काच बदलून घ्यावी, खर्च फारसा येत नाही. प्लॅस्टिकची काच कमी दर्जाची असते, असा समज नसावा. १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन यांच्या मनगटावर चंद्रावर उतरलेल्या ओमेगा स्पीडमास्टरची काचही ॲक्रिलिकचीच होती, कारण फुटली तरी तिच्या बारीक तुकड्यांचा चुरा होत नाही. फक्त तबकडीला किंवा काट्यांना नवा रंग देऊ नये आणि पावसात ते घड्याळ घालू नये.

प्रश्न : चऱ्यांचा त्रासच नको म्हणून सिरॅमिक केसचे घड्याळ घ्यावे का? – एक वाचक, दुबई

उत्तर : झिर्कोनियम ऑक्साइडपासून बनवलेले सिरॅमिक स्टीलपेक्षा कितीतरी कठीण असते आणि रोजच्या वापरात ते जवळजवळ चरत नाही. पण त्याची दुसरी बाजू दुकानदार हळू आवाजात सांगतात : ते ठिसूळ असते. फरशीवर पडले तर स्टीलला पोचा येतो, सिरॅमिकला मात्र तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली केस दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावी लागते. शक्य असेल तर फक्त बेझेल, म्हणजे काचेभोवतीची कडी, सिरॅमिकची आणि केस स्टीलची असलेले घड्याळ पाहावे, कारण भिंतीला आणि दाराच्या चौकटीला बेझेलच सर्वांत आधी लागते. टायटॅनियमचाही विचार होऊ शकतो. ते हलके असते आणि घामाने गंजत नाही, मात्र कठीण लेप नसेल तर स्टीलपेक्षा लवकर चरलेले दिसते. सिरॅमिकच घेतले, तर ते काढताना आणि घालताना पलंगावर बसावे, न्हाणीघरातल्या बेसिनसमोर उभे राहू नये.