स्क्रम की कानबान? आधी बोर्डाकडे बघा

स्क्रम आणि कानबान या सॉफ्टवेअर टीमचं काम आखायच्या दोन पद्धती. स्क्रममध्ये ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम आखतात; कानबानमध्ये कामं बोर्डावर मांडून जशी जमतील तशी एकेक पुढे सरकवतात. यातलं कुठलं घ्यावं, हे ठरवण्याआधी टीमकडे काम येतं कसं ते बघा. निम्मी कामं सपोर्टकडून अचानक येत असतील तर दोन आठवड्यांचा स्प्रिंट तिसऱ्याच दिवशी कोलमडणार. तिथे कानबान बरं. नवं फीचर सलग बांधायचं असेल तर स्क्रम चालेल. (स्प्रिंट दोनच आठवड्यांचा हवा असंही नाही. स्क्रम गाइडची, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेची, अट फक्त महिनाभराच्या कमाल मर्यादेची.)

पद्धत कुठलीही असो, आधी एका वेळी सुरू असलेली कामं कमी करा. लिटलचा नियम सोपा आहे: एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे सुरू असलेली कामं भागिले कामं संपण्याचा वेग. बोर्डावर 20 तिकिटं (म्हणजे सुरू असलेली कामं) आणि आठवड्याला 5 संपत असतील, तर प्रत्येकाला सरासरी 4 आठवडे. तिकिटं 10 वर आणा. वेग तोच राहिला तर 2 आठवडे. ‘माणसं रिकामी बसतील’ म्हणून मॅनेजर कुरकुरतील. बसू द्या की थोडी. तीच अडकलेलं टेस्टिंग उरकतील.

दोन टीमच्या व्हेलॉसिटीची (एका स्प्रिंटमध्ये टीम किती काम संपवते त्या आकड्याची) तुलना मात्र अजिबात नको, साहेबांना ते एक्सेल कितीही आवडो. रेट्रोमधून, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घेणाऱ्या टीमच्या बैठकीतून, एकच बदल उचला, तो कोण करणार हे तिथेच ठरवा आणि पुढच्या रेट्रोत सगळ्यात आधी त्याचीच चौकशी करा.