कमी खाल्लं तर बाळंतपण सोपं जातं का?

प्रश्न : माझी सून पाचव्या महिन्यात आहे. गावातल्या बाया तिला सांगतात, ‘पोटभर नको खाऊ, लेकरू मोठं झालं तं सिझर करा लागंल.’ ती अजून निंदणाला जाते. आम्हीही गेलो होतो. पोटातल्या बाळाला याचा खरंच त्रास होतो का?
— एक सासू, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सुनेच्या काळजीनं सासूनं पत्र लिहावं, याचा मला फार आनंद झाला.

उपाशी राहून सिझर टळत नाही. बाळ आडवं आहे का, आईचं कटीर (कमरेच्या हाडांचा घेर) किती रुंद, रक्तदाब कसा, यावर ते ठरतं. कमी खाल्ल्यानं बाळ तेवढं अशक्त होतं, आणि त्याची किंमत ते पुढं कित्येक वर्षं मोजतं. मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या नववा महिना लागेपर्यंत तयार होतात. जन्मानंतर एकही नवी होत नाही. पोटात पोषण कमी पडून कमी गाळण्या घेऊन आलेल्या लेकराला पुढं रक्तदाबाचा धोका जास्त असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. त्याही शेतात राबणाऱ्याच. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं दिसायला बारीक, पण मांस कमी आणि चरबी त्या मानानं जास्त. मधुमेहाकडचा कल असा पोटातूनच येतो. आणखी एक गोष्ट दिसली. हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं भरलेली होती. जास्त अंगमेहनत करणाऱ्यांची लहान.

म्हणून नुसत्या भाकरी वाढवू नका. सध्या बांधावर तरोटा आहे, घोळ आहे, घरी आंबाडी असेलच. तूरडाळीत घालून रोज करा. दूध-दही किंवा अंडं हवंच, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व पालेभाजीत नसतं. निंदणाचं काम आता थांबवा आणि फवारणी चाललेल्या वावरात तिला पाठवूच नका. एका हंगामाची मजुरी बुडेल, मला ठाऊक आहे, तरीही सांगते.

लोहाच्या लाल गोळ्या ती खरंच घेते का, ते पाहा. शी काळी होते म्हणून घाबरून बाया गोळ्या फळीवर ठेवून देतात. अख्खी पाकिटं मी घरोघरी पाहिली आहेत. शी काळी होणारच, त्यात धोका नाही. गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घ्यायची नाही. जेवणात लिंबू असू द्या.

आपल्या भागात सिकलसेल हा आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार बराच आढळतो. तिची तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात करा. ती वाहक निघाली, म्हणजे स्वतः आजारी नसून तो दोष तिच्या रक्तात असला, तर तुमच्या मुलाचीही लगेच करून घ्या. तो नाही म्हणाला, तर त्याला घेऊन आशाताईंकडे तुम्ही स्वतः जा.