सही झाली म्हणून बिल पाठवू नकोस

कंपन्यांना माणसं शोधून द्यायचं काम तू नव्याने सुरू केलंस, आणि उमेदवाराने ऑफर लेटरवर सही केली, आता कंपनीला आपल्या फीचं बिल पाठवू का, असं विचारलंस. थांब जरा. नोटीस पिरियड संपेपर्यंत काही खरं नसतं. राजीनामा दिला की जुनी कंपनी पगार वाढवून देते, आणि रुजू व्हायच्या दिवशी याचा फोन बंद! म्हणून सहीनंतरही दर आठवड्याला फोन कर. 'सगळं ठीक ना?' विचारू नकोस, त्याला सगळेच हो म्हणतात. 'राजीनामा कुणाकडे दिलास? साहेब काय म्हणाले?' असं विचार. उत्तर देताना अडखळला की दुसरा उमेदवार हाताशी ठेव.

कंपनीशी करार कामाआधीच, लेखी. फी मूळ पगारावर की एकूण वार्षिक पगारावर, बिल किती दिवसांत चुकतं होणार, आणि माणूस 90 दिवसांत सोडून गेला तर पैसे परत की बदली उमेदवार? बदलीच लिहून घे. मी एकदा ही ओळ विसरलो आणि केव्हाच खर्च झालेली फी पदरचे पैसे घालून परत केली. बायको अजून ऐकवते.

आणि उमेदवाराचा सीव्ही कंपनीला ईमेलनेच पाठव. 'हा तर आमच्याकडे आधीच होता' म्हणणारे भेटतातच; तेव्हा तारीख दाखवता येते.