सोलापुरात तळं, नदी, हिरवळ असं काही आहे का, की नुसतंच ऊन आणि धूळ?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरहून बदली झाली, जुळे सोलापुरात घर घेतलं, पोरं लहान आहेत, आणि 'इथं सगळंच उजाड, संध्याकाळी मुलांना निसर्ग दाखवायला न्यायचं तरी कुठं?' त्यातला 'उजाड' हा शब्द वाचला आणि चहाचा कप बाजूला ठेवून लिहायला बसलो. हाच शब्द गेली कित्येक वर्षं मी आमच्या साडूंच्या तोंडून ऐकतोय.

आधी तुमचं उत्तर देऊन टाकतो.

सिद्धेश्वर तलाव तुम्ही येता-जाता पाहिला असेलच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना हाताशी धरून तो खणला, अशी परंपरा आहे. मंदिर पाण्यात आणि शेजारी भुईकोट किल्ल्याचा तट. पहाटे सहाला जा, संध्याकाळी नको. एप्रिल-मेमध्ये कधी कधी मेलेले मासे काठाला लागतात आणि दरवेळी कुणीतरी विष टाकल्याची ओरड होते. अहो, विष टाकायला माणूस कशाला लागतो? उन्हाळ्यात पाणी आटतं, त्यात सांडपाणी मिसळतं, त्यावर हिरवं शेवाळ माजतं. रात्री ते शेवाळच पाण्यातला प्राणवायू ओढतं आणि पहाटेपर्यंत मासा गुदमरून वर येतो. पोरांना हे काठावर उभं राहून सांगा, शाळेत सांगणार नाहीत.

विजापूर रोडवरचा कंबर तलाव तुम्हाला जवळ. पाटीवर संभाजी तलाव लिहिलंय, रिक्षावाल्याला मात्र कंबर तलावच सांगा. पाणी दिसलं तर नशीब, नाहीतर जलपर्णीचा गालिचा दिसेल. जलपर्णी मशीन लावून काढतात, फोटो येतात, दोन महिन्यांत ती परत हजर. सांडपाणी येतंय तोवर ती येणारच, तिचं खाणंच ते. पण कडेला पाणकावळे, हळदीकुंकू बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या बघायला मिळतात.

आणि तुळजापूर रोडवरचा हिप्परगा, कागदावर एकरुख तलाव. इंग्रजांनी आदिला नदीवर बांध घालून १८७१ साली पुरा केला. आजही शहराच्या पाण्यात त्याचा वाटा आहे. थंडीत गेलात तर चक्रवाक दिसतील, नशिबात असेल तर पट्टकादंब हंसही. तीच आदिला खाली शहराच्या अंगाने वाहते, पण तिला नदी म्हणणारा माणूस मला अलीकडे भेटलेला नाही.

नदी नाही म्हणता, तर २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने काय केलं ते माढा-मोहोळच्या लोकांना विचारा. एखाद्या रविवारी हत्तरसंग कुडलला जा, तिथे सीना भीमेला मिळते. संगमावरच्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. जो वाचेल तो विजयी होईल, असं त्यावर लिहिलंय. परीक्षा जवळ आलेल्या पोरांना दाखवायला यापेक्षा चांगलं काय?

झालं तुमचं उत्तर. आता उजाडचं बघू.

सिद्धेश्वर खणलेला, हिप्परगा बांधलेला. या काळ्या कातळाच्या मुलखात निसर्गाने आयती तळी दिलेली नाहीत, दिसतं ते बहुतेक माणसाने अडवलेलं पाणी. मग निसर्गाने स्वतःच्या हाताने काय दिलं? माळ. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वीतभर माती, खाली मुरूम. तिथे जंगल येत नाही, गवत येतं. आणि त्यालाच आपण सातबाऱ्यावर 'पोटखराब', म्हणजे लागवडीला निकामी, लिहून मोकळे होतो.

२०१६ ची गोष्ट. आदला उन्हाळा भयंकर होता, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. १ जुलैला राज्यभर दोन कोटी झाडं लावायचा कार्यक्रम होता आणि गावोगाव खड्डे निघत होते. आमचे साडू कंत्राटदार, स्वतःचा जेसीबी. त्यांच्या मित्रमंडळाने ठरवलं की आपणही तीनशे झाडं लावायची. जागा कुठली, तर हिप्परग्याकडे उतरणारा एक माळ. साडूंचा फोन आला, 'उजाड पडलाय सगळा, आपण हिरवा करू.' मी निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा बँकवाला, पुण्य कमवायची घाई होती. बायको, मेव्हणी, पोरं असे दोन गाड्या भरून गेलो. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. सहलच म्हणा ना.

खड्डे आधीच काढून ठेवलेले होते. जेसीबी माळावरून इकडून तिकडे फिरला होता, त्यामुळे अर्धं गवत चाकाखाली आणि उरलेलं उकरलेल्या मुरमाखाली. नुकताच पाऊस होऊन गेला होता, मारवेल गवताला कोवळे फुटवे आले होते. मला तेव्हा मारवेल आणि कुसळी यांतला फरक कळत नव्हता, हे कबूल करतो. माझ्या लेखी ते सगळं तणच.

एका खड्ड्याजवळ मी खुरपं घेऊन बसलो तर डोक्यावर टिटवी किंचाळायला लागली. बायको म्हणाली, अपशकुन. मी हाकललं, ती पुन्हा आली. मग पाहिलं तर मुरमाच्या ढिगाला लागून चार अंडी, दगडासारखीच ठिपक्याठिपक्यांची. घरटं वगैरे काही नाही, नुसते खडे मांडलेले. मी साडूंना हाक मारली. ते आले, बघितलं आणि म्हणाले, 'पक्षीच तो, दुसरीकडे घालेल. झाड लावा तुम्ही.' तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर आला. काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ आमचं कौतुक बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, 'पाव्हणं, हितं झाड यायचं असतं तर आमच्या आज्ज्याच्या आदीच आलं असतं की.'

सगळे हसले, मीपण. साडूंनी त्याला झाडाचं महत्त्व, पाऊस, प्राणवायू असं सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग मेंढरानं काय गुलमोहर खायाचा?' याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. फोटो काढून आम्ही घरी आलो. जाताना मी टिटवीचा तो एक खड्डा तेवढा रिकामा सोडला. त्या दिवशी केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच.

पुढे काय झालं ऐका. ऑगस्टमध्ये दोन मोठे पाऊस झाले. गवताची मुळं जाळ्यासारखी माती धरून बसलेली असतात, ती आम्ही तीनशे ठिकाणी तोडली होती. उकरलेला मुरूम उतारावरून ओघळला, चाकाच्या चाकोऱ्यांना घळी पडल्या आणि ते तांबूस पाणी ओढ्यातून थेट तलावाच्या दिशेने गेलं. तलाव गाळाने भरला की आपणच बोंब मारतो. वरचा माळ धड असेल तर गाळ कमी येतो, एवढं साधं गणित आहे, पण ते मांडायला माळ वापरातला वाटला पाहिजे ना!

दिवाळीनंतर झाडं माना टाकायला लागली. मग टँकर. ज्या शहरात तेव्हा नळाला काही दिवसांआड पाणी यायचं, जिथे उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून आणावं लागतं, त्या शहरातले आम्ही लोक पैसे गोळा करून माळावरच्या गुलमोहराला टँकर लावत होतो. आमच्या गल्लीत त्याच आठवड्यात पाण्यावरून भांडण झालं होतं. बायकोने मला त्या दिवशी जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. मेपर्यंत तीनशेपैकी वीस-पंचवीस जगली, त्यातही बहुतेक गिरिपुष्प. ते चिवट. आणि त्याच्या दाट सावलीत गवत काही धरत नाही. म्हणजे जगलं तेही माळाच्या मुळावर उठलं.

मी साडूंना म्हटलं, आपण चूक केली. ते म्हणाले, 'निदान काहीतरी केलं ना? तुम्ही बँकवाले नुसते हिशेब करता.' तिथून आमचं जे बिनसलं ते आजही लग्नाकार्यात जेवताना बाहेर येतं.

पुढे मी नान्नजला जायला लागलो. बार्शी रोडला वीस-बावीस किलोमीटर, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. १९७९ ला झालं. सुरुवातीला क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे शेतं, गावं, रस्ते सगळं त्यात. पुढे ते कमी करून १,२२२ वर आणलं. तिथे मला कळलं की माळ रिकामा नसतो. काळवीट कळपाने उभं असतं. लांडगा आहे, खोकड आहे. धाविक नावाचा पक्षी खरोखर नुसता धावत असतो. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो. थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवतावरून तरंगत जातात. या सगळ्यांना झाड नको असतं. माळढोकाला तर लांबवर दिसलं पाहिजे, तो जमिनीवर चालणारा, जमिनीवरच अंडं घालणारा. मध्ये झाडांची रांग उभी राहिली की त्याला ती जागा नकोशी होते. आणि गंमत बघा, तिथल्या माळावरही एकेकाळी गिरिपुष्प लावलेलंच होतं. आमच्या साडूंसारखा विचार करणारे सगळीकडे असतात.

इथे एक कबुली द्यायला हवी. साडूंनी मार्डीच्या बाजूला एक प्लॉट घेतला होता आणि अभयारण्याच्या हद्दीमुळे त्याचं काम बरीच वर्षं अडकलं. माळढोकाचं नाव काढलं की त्यांचा पारा चढतो तो त्यामुळे. एवढी मोठी हद्द आखून हजारो लोकांना कागदासाठी हेलपाटे घालायला लावले, त्याचा राग पक्ष्यावर निघाला, हे खरं आहे. त्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. पण अहो साडू, तुमचा प्लॉट अडकला म्हणून माळ उजाड होत नाही!

तेव्हा तुम्हाला सांगणं एवढंच. कोल्हापूरच्या डोळ्यांनी सोलापूर बघू नका. रंकाळा इथे मिळणार नाही, आणि कुणी तुम्हाला शनिवारी माळावर झाडं लावायला बोलावलं तर आधी विचारा की त्या जागेवर आज काय उगवतंय. सगळी झाडं वाईट असं मी म्हणत नाही, नाहीतर लगेच खाली तुटून पडाल. शहरात झाडं हवीतच. मेमध्ये ४४ अंशांत सिग्नलला उभं राहून बघा, कडुनिंबाची किंमत कळेल. रस्त्याकडेला, शाळेत, सोसायटीत, विहिरीजवळ, बांधावर कडुनिंब, चिंच, वड, करंज खुशाल लावा आणि तीन वर्षं सांभाळा. माळाला फक्त माळ राहू द्या. मी काही वनस्पतीशास्त्र शिकलेलो नाही, मेलेली झाडं मोजत शिकलोय, तेव्हा जाणकारांनी चुका सांगाव्यात.

नान्नजला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर जा, गवत गुडघ्याएवढं आणि हिरवंगार असतं. नोव्हेंबरनंतर ते सोनेरी होतं, मला तेच जास्त आवडतं. फेब्रुवारीनंतर गेलात तर तुम्हीही उजाडच म्हणाल, मग मी लिहिलेलं सगळं वाया. माळढोक दिसेल असं पोरांना कबूल करू नका. आता एखादा जरी दिसला तरी बातमी होते. काळवीट मात्र दाखवा.

परवा साडूंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकलाय, त्याच माळावर पुन्हा खड्डे. खाली 'यंदा पाचशे' आणि हात जोडल्याचं चिन्ह. मी काही लिहिलं नाही, हे उत्तर पुरं झालं की याचीच लिंक टाकतो.

आणि हो, माळावर जाताना पोरांना फुलपँट आणि बूट घाला. कुसळं मोज्यात शिरतात आणि एकेक काढायला अख्खी संध्याकाळ जाते.