पिशवीभर अनोळखी चामड्याचे तुकडे हाती आले तर ते ओळखायचे कसे?

तुम्ही विचारलंय की उरलेल्या चामड्याच्या तुकड्यांची पिशवी मिळाली आहे, कशावर काही लिहिलेलं नाही, तर हे कुठल्या जनावराचं आणि याचं करायचं काय. मी बरीच वर्षं अशाच तुकड्यांवर काम करतोय. माझा सल्ला असा की जनावराचा प्रश्न जरा मागे ठेवा. कातडं कशाने कमावलंय हे आधी शोधा. ठसा उमटेल का, कड घासून चकाकेल का, हे सगळं त्यावर ठरतं.

ढोबळमानाने दोन जाती. साल, शेंगा, हिरडा यांतल्या टॅनिनने कमावलेलं ते व्हेज टॅन. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं ते क्रोम टॅन. जगातलं बहुतेक चामडं क्रोमचं असतं, त्यामुळे तुमच्या पिशवीतही तेच जास्त निघेल.

धारदार पात्याने कोपऱ्यावर ताजा काप घ्या आणि उजेडात बघा. व्हेज टॅन आतून फिकट तपकिरी दिसतं. क्रोममध्ये मधोमध राखाडी-निळसर पट्टा दिसतो, कारण क्रोमियममुळे कातडं आधी निळं होतं आणि वरचा रंग नंतर चढतो. रंग आरपार गेला असेल तर मात्र काप काहीच सांगत नाही. मग मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. व्हेज टॅन तो पिऊन गडद होतं, आणि ओलसर असताना नख दाबलं तर खूण तशीच राहते. क्रोम स्पंजासारखं परत फुगतं. सुरुवातीला मी हे न बघता एका सुंदर मऊ तुकड्यावर अख्खी संध्याकाळ नक्षी ठोकली होती. सकाळी ती जवळजवळ पुसली गेली होती. त्या दिवसापासून थेंब टाकल्याशिवाय मी हातोडी उचलत नाही.

तरीही शंका उरली तर दोन सारख्या पट्ट्या कापा आणि एक उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. व्हेज टॅन आक्रसतं, वळतं, वाळल्यावर लाकडासारखं कडक होतं. चांगलं क्रोम जवळपास तेवढंच राहतं.

माझी सगळ्यात आवडती परीक्षा लोखंडाची. स्टीलवूल व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवा. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो. त्या पाण्याचा थेंब व्हेज टॅनवर पडला की बघता बघता काळा होतो. टॅनिन आणि लोखंड मिळून काळी शाई बनवतात तीच ही क्रिया. तुकडा काळा झाला पण उकळत्या पाण्यात टिकला, तर तो दोन्ही पद्धतींनी कमावलेला आहे असं समजा.

जाळून बघायचा सल्ला खूप जण देतात. मी देणार नाही. क्रोम चामडं जळताना घातक क्रोमियम तयार होऊ शकतं. तुकडा रेक्झिन आहे का हे कळायला आग लागतच नाही. मागे विणलेलं कापड आणि कापात तंतूंऐवजी फेसासारखा थर दिसला की झालं. भुग्यापासून बनवलेलं बाँडेड लेदर कोपऱ्याला ओढलं की पुठ्ठ्यासारखं फाटतं. ते पिशवीतून काढून टाका, शिलाई त्यात टिकत नाही.

आता जनावर. डुकराच्या कातड्यावर केसांची छिद्रं तीन-तीनच्या झुबक्यांत असतात, ते चुकणं अवघड. शेळीचं पातळ, बारीक खडबडीत आणि जाडीच्या मानाने फार चिवट. मेंढीचं मऊ, पण त्याचे थर सुटतात, म्हणून ताण येईल तिथे नको. वरून जाड रंग आणि छापील दाणे असतील तर ओळख पटणार नाही, आणि त्याने फारसं बिघडतही नाही.

वापराचं म्हणाल तर ३ मिलीमीटर किंवा जास्त जाडीचं व्हेज टॅन पट्ट्यांना, १ मिलीमीटरच्या आसपासचं पाकिटांना. क्रोमचे मऊ तुकडे बटव्यांना आणि अस्तराला. क्रोमची कड घासून चकाकत नाही, ती दुमडा किंवा कडेचा रंग लावा. पट्टी कापण्याआधी तुकडा उभा-आडवा ओढून बघा आणि कमी ताणला जाईल त्या दिशेने कापा. पोटाकडचा भाग हमखास लांबतो, आणि अशा पट्ट्याची भोकं वर्षभरात अंडाकृती होतात. चकचकीत बाजूवर काही चिकटवायचं असेल तर आधी सँडपेपरने खरवडा, नाहीतर गोंद थरासकट निघून येईल. ओलसर पांढरं फडकं घासून रंग सुटतो का तेही बघा, विशेषतः आत फिकट अस्तर लावणार असाल तर.

पांढरी भुकटी दिसली म्हणून घाबरून तुकडा टाकू नका. हेअर ड्रायरची ऊब द्या. चामड्यातली चरबी वर आली असेल तर ती वितळून दिसेनाशी होते. बुरशी तशीच राहते, आणि तो तुकडा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. हाताला लालसर पूड लागणारं जुनं चामडं मात्र आतून कुजलेलं असतं. कितीही तेल पाजलं तरी त्याची ताकद परत येत नाही.

तपासलेल्या प्रत्येक तुकड्याच्या मागे पेनाने ‘व्हेज’, ‘क्रोम’ आणि जाडी लिहून ठेवा. कापाचे फोटो टाकलेत तर मी बघून सांगेन.