जुन्या गेमिंग संगणकात नेमके काय बदलावे?

प्रश्न : माझा गेमिंग संगणक २०१४ साली जोडून घेतलेला आहे. त्यात इंटेलचा कोअर आय७-४७९० प्रोसेसर, बी८५ चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर३ रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), २४० जीबीची साटा एसएसडी आणि एक टीबीची हार्ड डिस्क आहे. ग्राफिक्स कार्ड तेवढे २०१७ मध्ये बदलून सहा जीबीचे जीटीएक्स १०६० बसवले. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा आहे. मोठ्या, गजबजलेल्या शहरांतून फिरण्याच्या खेळांत चित्र सारखे अडखळते. सेकंदाला ४० च्या आसपास फ्रेम (चित्रे) मिळतात आणि ग्राफिक्सची सेटिंग्ज अगदी खाली आणली तरी आकडा ४३ च्या वर जात नाही. नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे असे मला वाटते. मित्र म्हणतात, सगळेच बदल. एकदम सगळा खर्च करणे मला शक्य नाही. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच पत्रात आहे. सेटिंग्ज तळाला नेऊनही फ्रेमचा आकडा ४० वरून जेमतेम ४३ वर येतो, याचा अर्थ त्या खेळात ग्राफिक्स कार्ड मोकळे बसलेले आहे आणि प्रोसेसरकडून पुढच्या फ्रेमची तयारी होण्याची वाट पाहत आहे. ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेमचे काम साधारण १६.७ मिलिसेकंदांत उरकायला हवे. आपल्या प्रोसेसरला त्यासाठी २३ ते २५ मिलिसेकंद लागत आहेत. अशा वेळी कितीही महागडे कार्ड बसवले तरी चित्र अधिक देखणे होईल, पण अडखळणे जिथल्या तिथे राहील.

तरीही खरेदीपूर्वी एक खात्री करून घ्यावी. खेळाचे रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावे. पिक्सेलची संख्या सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येते, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते. एवढे करूनही फ्रेम वाढल्या नाहीत, तर दोष प्रोसेसरच्या बाजूचा. भरपूर वाढल्या, तर कार्डाचा. टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नये. आय७-४७९० मध्ये चार कोअर (गणन करणारे गाभे) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, त्यामुळे खेळाचा मुख्य थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असला तरी त्याचा एकूण आकड्यातील वाटा १२-१३ टक्केच दिसतो आणि ‘प्रोसेसर तर अर्धाही वापरला जात नाही’ असा गैरसमज होतो. ही चाचणी आपण नेहमी खेळता त्या प्रत्येक खेळात करावी, कारण एकाच संगणकात एक खेळ प्रोसेसरपाशी अडतो आणि दुसरा कार्डापाशी. प्रोसेसरच्या हीटसिंकवरील धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट यांचीही आधी वासलात लावावी. तापमान मर्यादेला भिडले की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि मग आपण भलत्याच कारणासाठी नवा संगणक विकत घेतो.

हे सारे करूनही चित्र बदलले नाही, असे गृहीत धरून पुढे जाऊ. आपल्या मदरबोर्डावर एलजीए ११५० हे सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) आहे आणि त्यावर बसणारा प्रोसेसर बदलून घेण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. आय७-४७९०के हा त्याचा थोरला भाऊ थोडा अधिक वेगाने चालतो, एवढेच. नव्या बोर्डांवर डीडीआर३ रॅम चालत नाही. त्यामुळे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम ही त्रयी एकदमच बदलावी लागते. यातील एक भाग आज आणि दुसरा सहा महिन्यांनी अशी फोड करता येत नाही. त्यात विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपला चौथ्या पिढीचा आहे. तेव्हा मित्रांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण ‘सगळेच बदल’ यातील ‘सगळेच’ मला मान्य नाही.

आपल्या स्थितीत मी एएमडीच्या एएम५ सॉकेटची निवड करीन. हे सॉकेट २०२२ मध्ये आले आणि २०२७ पर्यंत व त्यानंतरही त्याला आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे काही वर्षांनी बोर्ड व रॅम तशीच ठेवून केवळ प्रोसेसर बदलण्याची वाट खुली राहते. आपली आजची अडचण ही वाट बंद असल्यामुळेच इतकी खर्चिक झाली आहे. प्रोसेसर म्हणून सहा कोअरचा रायझन ५ ७६०० पुरेसा आहे. तो ६५ वॅट गटातला आहे आणि खोक्यातच कूलर मिळतो. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि खेळांत तिचा फायदा खराच मोठा होतो. परंतु आपला मॉनिटर सेकंदाला ६० पेक्षा अधिक चित्रे दाखवूच शकत नाही. १४० फ्रेम तयार करून त्यातल्या ६० पाहण्यासाठी एवढा जादा खर्च आज करू नये. पुढे वेगवान मॉनिटर घेतलात, तर तोच प्रोसेसर याच बोर्डावर बसेल. बोर्ड बी६५० चिपसेटचा साधा घ्यावा. दिव्यांची आरास आणि चकचकीत पत्रे यांनी एकही फ्रेम वाढत नाही. त्यापेक्षा व्होल्टेज नियंत्रकांवर बऱ्यापैकी हीटसिंक आहे का आणि बायोस (बोर्डातील मूळ सॉफ्टवेअर) प्रोसेसरशिवाय अद्ययावत करण्याची सोय आहे का, हे पाहावे.

या बोर्डाला लागणाऱ्या डीडीआर५ रॅमच्या बाबतीत थोडे जपून वागावे लागेल. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव सर्वत्र वेगाने चढले, त्यामुळे ‘आता १६ जीबीची एकच पट्टी घेऊ, नंतर आणखी घालू’ असा मोह होतो. एका पट्टीवर मेमरीतून माहिती ये-जा करण्याची वाट निम्मी रुंद राहते आणि गर्दीच्या दृश्यांतले जे झटके घालवण्यासाठी हा खटाटोप चालला आहे, तेच पुन्हा डोके वर काढतात. सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्यांची जोडी उत्तम. तेवढे झेपत नसेल तर आठ-आठच्या दोन चालतील. वेग ६०००, लेटन्सी (प्रतिसादाचा विलंब) शक्यतो ३०. पुढे दोनाच्या चार पट्ट्या करण्याचा बेत मात्र आखू नये. या प्रोसेसरसाठी दोन पट्ट्यांचा अधिकृत वेग ५२०० आहे, तो चार पट्ट्यांवर ३६०० पर्यंत खाली येतो. रॅम बसवल्यावर बायोसमध्ये एक्स्पो हे रॅमच्या वेगाचे प्रोफाइल सुरू करावे लागते, नाहीतर तिचा छापील वेग कागदावरच राहतो. पहिल्यांदा संगणक सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहिला, तर घाबरून वीज तोडू नये. त्या वेळी बोर्ड रॅमशी आपला मेळ जुळवून घेत असतो.

वापरलेले भाग घेण्याचा विचार असेल, तर इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आणि डीडीआर४ चा बोर्ड हा पर्यायही विचारात घ्यावा. रॅम स्वस्तात पडू शकेल. तेराव्या-चौदाव्या पिढीतील वरच्या गटातील प्रोसेसर जुने घेताना सावध राहावे. त्यातील अनेकांना जादा व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिरतेचा विकार जडत होता. त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ पासून मिळू लागला, परंतु आधी झालेली हानी त्याने भरून येत नाही.

आता एसएमपीएस. लोक तो सर्वांत शेवटी बदलतात, मी तो या पहिल्याच टप्प्यात बदलायला सांगेन. दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या एसएमपीएसमधील कपॅसिटर थकलेले असतात आणि तो बिघडताना कधी कधी आपल्यासोबत इतर भागांनाही घेऊन जातो. चांगल्या बनावटीचा ६५० वॅटचा आपल्याला पुरून उरेल. ‘८० प्लस’ची सोनेरी किंवा कांस्य मोहोर केवळ विजेची कार्यक्षमता सांगते, घडणीचा दर्जा सांगत नाही, म्हणून हमीची वर्षे आणि विश्वासार्ह परीक्षणे पाहून निवड करावी.

कॅबिनेट ठेवावे, फक्त पुढून हवा आत आणि मागून बाहेर जाते ना, हे पाहावे. साटा एसएसडी दुसरी डिस्क म्हणून राहू द्यावी. विंडोज आणि खेळ यांसाठी एक टीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान) एसएसडी घ्यावी. सेकंदाला ३,५०० एमबी आणि ७,००० एमबी अशा दोन एसएसडींमधला फरक खेळ उघडताना क्वचितच जाणवतो. जुन्या हार्ड डिस्कवर दुसरीकडे प्रत नसलेले काहीही ठेवू नये.

जीटीएक्स १०६० नव्या बोर्डावर बिनदिक्कत चालेल आणि आपण सांगितलेल्या खेळांत तेच कार्ड अधिक फ्रेम देताना दिसेल. मात्र ते फार काळ पुरणार नाही. त्या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, यापुढे केवळ सुरक्षिततेचे बदल मिळतील. शिवाय रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र रंगवण्याची) सोय नसलेल्या कार्डावर सुरूच न होणारे खेळही आता येऊ लागले आहेत. दुसऱ्या टप्प्यात कार्ड घेताना मेमरीचा आकडा नीट वाचावा. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत एकाच नावाने विकली जातात. काही वर्षे टिकवायचे असेल, तर १६ जीबीचेच घ्यावे. हेच कार्ड आधी घेऊन जुन्या बोर्डावर लावले असते तर? ५०६० टीआय आठच पीसीआय एक्सप्रेस मार्गिका (कार्ड आणि बोर्ड यांमधल्या माहितीच्या वाटा) वापरते आणि आपल्या बोर्डावर त्या तिसऱ्या आवृत्तीच्या वेगाने चालतात, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या निम्म्याच. कार्डातली मेमरी भरून माहितीची ने-आण सुरू झाली की ही चिंचोळी वाट लगेच जाणवते. क्रम महत्त्वाचा आहे, तो यामुळेही.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ३२०० वेगाची १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० आहे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण बहुतेक खेळांत ८० फ्रेमही मिळत नाहीत. मलाही सगळे बदलावे लागेल का?

उत्तर : नाही. वरील वाचकाजवळ जे नाही, ते आपल्याजवळ आहे : वर जायला जागा असलेला बोर्ड. एएम४ सॉकेटवर २०१८ चा आपला प्रोसेसर काढून रायझन ५ ५६०० बसवता येतो आणि फक्त तेवढ्या बदलाने फरक ठळकपणे दिसतो. रायझन ७ ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी चांगल्या स्थितीत मिळाला, तर तो अधिक उत्तम. पण त्यांच्यासोबत कूलर येत नाही. नावांच्या सारखेपणाला भुलून ५५०० घेऊ नये, त्याची एल३ कॅशे ५६०० च्या निम्मी म्हणजे १६ एमबीच आहे.

जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावा, नाहीतर नवा प्रोसेसर बोर्डाला ओळखूच येणार नाही आणि जुना पुन्हा बसवण्याची पाळी येईल. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल, तर ते आधी तात्पुरते स्थगित करून पुनर्प्राप्तीची किल्ली लिहून ठेवावी. प्रोसेसर बदलला की त्यातील सुरक्षा मॉड्यूल नवे होते आणि विंडोज ती किल्ली मागते. कूलर ओढताना एएम४ चा प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात, म्हणून संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट असतानाच कूलर हलकेच फिरवून सोडवावा. आणि हो, विंडोजमध्ये मॉनिटर खरोखरच १४४ हर्ट्झवर लावलेला आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे. पुष्कळांचा तो ६० वरच राहिलेला असतो.

प्रश्न : नवा मॉड्युलर (वायरी सुट्या करता येणारा) एसएमपीएस घेतला आहे. जुन्याच्या वायरी कॅबिनेटमधून नीट ओवलेल्या आहेत. त्याच वापरल्या तर चालतील का?

उत्तर : अजिबात नाही. मदरबोर्ड आणि कार्डाकडचे टोक प्रमाणित असते, एसएमपीएसकडचे नसते. प्लग बसतो, पण पिनांची मांडणी निराळी असू शकते आणि एसएसडीला पाचाच्या जागी बारा व्होल्ट मिळाले तर ती क्षणात जळते. कंपनी एकच असली तरी मालिकेगणिक मांडणी बदलू शकते. जुन्या वायरी जुन्या एसएमपीएससोबतच बांधून ठेवाव्यात, म्हणजे पुढे कोणी चुकून त्या उचलणार नाही.