फारिनेल्लीने ऐन भरात असताना ऑपेराचा रंगमंच का सोडला?

थोडक्यात सांगायचं तर, एका राजाच्या आजारपणासाठी.

फारिनेल्ली, म्हणजे कार्लो ब्रोस्की (जन्म १७०५, इटलीतलं आंद्रिया), हा कास्त्रातो गायक. आवाज फुटू नये म्हणून अशा मुलांचं लहानपणीच खच्चीकरण करत, प्रकार अघोरीच. पोर्पोरा या इटालियन संगीतकारासारखा गुरू लाभला आणि १७३४ मध्ये लंडनला गेल्यावर तिथले रसिक अक्षरशः वेडे झाले.

१७३७ मध्ये स्पेनच्या राणीने, एलिझाबेता फार्नेझेने, त्याला माद्रिदला बोलावलं. राजा पाचवा फिलिप खोल उदासीनतेत बुडाला होता. अंथरुणातून उठेना, दाढी करेना. फारिनेल्लीच्या गाण्याने तो थोडा सावरला, आणि याची नोकरी पक्की झाली. वय जेमतेम ३२! त्यानंतर तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांसमोर तो कधीच गायला नाही. रोज रात्री तीच चार गाणी गायचा, ही प्रसिद्ध गोष्ट मात्र मला तिखटमीठ लावलेली वाटते.

पुढच्या राजाच्या काळात दरबारी ऑपेरांचा सगळा कारभार त्याच्याच हाती होता. १७५९ मध्ये तिसरा कार्लोस गादीवर आला, तेव्हा पेन्शन देऊन त्याची बोळवण झाली. मग इटलीत बोलोन्याला घर, आणि १७८२ मध्ये तिथेच मृत्यू.